एका पोळीत दीडशे उड्या

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातल्या सर्वेश कुशारेने उंच उडीत २.२८ मीटरची दांडी ओलांडली आणि सहावा क्रमांक पटकावला. घराच्या दारावरची चौकट यापेक्षा खालीच असते. अशा उडीला शरीर किती अन्न जाळत असेल?

हिशेब करून पाहा. सत्तर किलोचं शरीर एक मीटर उचलायला सुमारे ६८६ ज्यूल लागतात, म्हणजे ०.१६ किलोकॅलरी. एका पोळीत साधारण १०० किलोकॅलरी असतात. स्नायू त्यातला जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. हा तोटा धरूनही एका पोळीवर दीडशे उड्या निघतात! (धावत येण्याचा खर्च वेगळा, पण तोही काही पंगतभर नाही.)

मुळात उडीच्या क्षणी पोटातली पोळी कामालाच येत नाही. उडी घेणारा पाय जमिनीवर सेकंदाचा पाचवा भागसुद्धा टेकत नाही, आणि तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पेलतो. त्यासाठीचं इंधन, फॉस्फोक्रिएटिन, स्नायूत आधीच भरून ठेवलेलं असतं. उडीपटूचं खाणं खरं तर उडीसाठी नसतंच. उडी घेणारा पाय घडवण्यासाठी असतं. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायूंची डागडुजी चालते, तिला माल लागतो.

मात्र माल साठला की वजन वाढतं. ढकलायची ताकद तीच राहिली आणि अंगावर तीन किलो चरबी चढली, तर एक मीटरची उसळी चार सेंटीमीटरने घटते. जिथे दांडी दोन-दोन सेंटीमीटरने वर सरकते, तिथे चार म्हणजे थेट दोन पायऱ्या.

म्हणून जेवणच तोडावं? छे. २०११ मध्ये नॉर्वेत खेळाडूंवर झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. वजनांचा व्यायाम चालू ठेवून ज्यांनी आठवड्याला ०.७ टक्के, म्हणजे सत्तर किलोमागे अर्धा किलो, इतक्या बेताने वजन उतरवलं, त्यांची चरबी गेली आणि स्नायू चक्क वाढले. दुप्पट घाई करणाऱ्यांना तो लाभ झाला नाही.

अशा वेळी प्रथिनं किलोमागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास तरी हवीत. सत्तर किलोला ११२ ग्रॅम. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. नुसत्या वरणावर भागवायचं तर सोळा-सतरा वाट्या! त्यामुळे मटकीची उसळ, दही, अंडी, पनीर, चिकन, सोयाबीन यांची वाटणी दिवसभराच्या जेवणांत करावी लागते. मूठभर शेंगदाण्यांतही सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण सोबत पावणेदोनशे किलोकॅलरी येतात.

सतत कमी खाल्लं तर शरीर आतले खर्च कापायला लागतं. मुलींची पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, आणि उडीचा सगळा दणका बसतो तो त्याच हाडांवर. बर्फावरच्या स्की जंपिंगमध्ये तर हलका खेळाडू लांब तरंगतो, म्हणून उपाशी राहण्याची चढाओढच लागली होती. अखेर २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने नियम केला: उंचीच्या मानाने वजन ठरावीक मर्यादेखाली गेलं, तर स्कीसुद्धा आखूड वापरायच्या. आखूड स्कीला हवेचा आधार कमी मिळतो, त्यामुळे उपाशी राहून मिळवलेलं अंतर तिथेच वजा होतं.