मोटर लावली की पाणी वाढते का?

बारामती-इंदापूर पट्ट्यातला नीरा डावा कालवा आवर्तनाने (ठरलेल्या पाळीने) वाहतो. पाळी लांबली आणि वालचंदनगरशेजारच्या कळंबसारख्या गावात नळाची धार बारीक झाली, की भाडेकरू आधी मोटर शोधतो आणि ती थेट नळाला जोडतो. मोटरमुळे पाणी वाढते, हा समज सर्वत्र आहे.

पाणी वाढत नाही. नळाचा जोर गावच्या टाकीच्या उंचीवर ठरतो: दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब. मोटर फक्त सामायिक पाइपातले पाणी आपल्याकडे ओढते. एका शहाळ्यात दोन नळ्या घातल्या आणि एकाने जोरात ओढले, तर शहाळे मोठे होत नाही. दुसऱ्याचा घोट कमी होतो.

खरा धोका पुढे आहे. ओढल्यामुळे पाइपात ऋण दाब (बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब) तयार होतो. मग गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते आणि ते इतरांच्याही हंड्यात जाते. चांगली माणसेही हे नकळत करतात, म्हणून ते स्पष्ट सांगायला हवे.

पाणी आधी आपसूक जमिनीतल्या हौदात पडू द्यावे आणि मोटर हौदावर बसवावी. हौद बांधणे भाडेकरूच्या हातात नसते; ते घरमालकाशी बोलावे लागते. तोवर साठवण वाढवावी. जलजीवन मिशनचे माणशी दिवसाला ५५ लिटरचे माप धरले, तर चौघांना दोन दिवसांसाठी ४४० लिटर लागतात. झाकणाची ५०० लिटरची टाकी त्याला पुरते, आणि घर बदलताना सोबत नेता येते.