कुऱ्हाडीतला ऱ

मराठी टंकताना बोट हमखास अडखळतं ते ‘कुऱ्हाड’, ‘वऱ्हाड’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांवर. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवायला गेलं की बहुधा रफार डोक्यावर चढतो आणि ‘कुर्हाड’ तयार होते. वाचणारा समजून घेतो, मग एवढा बाऊ कशाला? ‘कुर्हाडी’पुरतं हे ठीक. पण ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन्ही शब्द शुद्धच आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारी प्रणालीही तिथे गप्प बसते. लग्नाच्या खर्चाच्या यादीत संदर्भही फारसा कामी येत नाही. तिथे दोघांचीही बिदागी असते.

तरी खरा घोटाळा दिसण्यात नाही, साठवणुकीत आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन वाटांनी येतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियम मात्र त्यांना एक मानत नाहीत. ‘वऱ्हाडपांडे’ हे आडनाव दोन कारकुनांनी दोन वाटांनी नोंदवलं, तर साध्या शोधाला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. मजकूर इकडून तिकडे नेताना अदृश्य चिन्ह गळालं, की पुन्हा रफार. ‘ॲ’चंही तेच: त्याला स्वतंत्र जागा मिळाली 2008 साली, युनिकोड 5.1मध्ये, तोवर अ आणि चंद्र वेगवेगळे टंकले जात, आणि तसा मजकूर आजही पडून आहे. हा दोष टंकणाऱ्याचा नसून सॉफ्टवेअरचा आहे, हा आक्षेप निम्मा मान्य. पण कार्यालयातल्या एक्सेलच्या तक्त्याकडून एवढ्या समजूतदारपणाची अपेक्षा कोण ठेवणार?

म्हणून इनस्क्रिप्ट कळफलकाची बाजू घ्यावीशी वाटते. ‘र्य’साठी तिथे जे, डी आणि तिरक्या रेघेची कळ; ‘ऱ्य’साठी त्याच तीन कळा, फक्त पहिलीवर शिफ्ट. अदृश्य काही नाही. शिकायला अवघड, ही तक्रार कळफलक न पाहता केलेली असते: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, कच्या कळेवर शिफ्टने ख, लच्या कळेवर ळ. रोमनवर हात बसलेल्यांनी पद्धत बदलावीच असं नाही. आपलं साधन आत काय साठवतं, एवढं तपासावं. ‘कुऱ्ह’ टंकून बॅकस्पेस एकेकदा दाबत जावं. बहुतेक ठिकाणी तो एकेक चिन्ह खोडतो. शेवटी टिंबवाला ऱ उरला तर वाट पहिली, साधा र उरला तर दुसरी.