गुत्तेदार काम सोडून का जातो? एका अर्धवट घराचा हिशोब



पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, 'विषय सुचतो कसा?' मला माझा विषय लायब्ररीत सुचला नाही. आमच्याच घराच्या अर्धवट भिंतींकडे बघताना सुचला, आणि तोही आधी चुकीचा सुचला. आज ती चूक सांगतो, कारण सिनॉप्सिस लिहिताना तुमच्यातले अनेक जण हीच करणार आहेत. आणि तुमच्या घरचं बांधकाम चालू असेल, तर यातलं काही वडिलांनाही वाचून दाखवा.

आमचं गाव हिंगोलीजवळ आहे. जुनं घर माळवदाचं. 2024 साली 21 मार्चच्या पहाटे आणि पुन्हा 10 जुलैला सकाळी भूकंपाचे धक्के बसले, दोन्ही 4.5 रिश्टरचे. माळवदाची माती ताटात पडली. किल्लारी आठवणाऱ्या पिढीला एवढं पुरेसं असतं. आई म्हणाली, "आता या मातीखाली झोपायचं नाही." सोयाबीन-हळदीचे साठवलेले पैसे, थोडं कर्ज, आणि 900 चौरस फुटांचं स्लॅबचं घर. गुत्तेदार ओळखीचा होता. 1,500 रुपये फूट, साहित्यासह. म्हणजे 13,50,000 रुपये. कागद केला नाही. मी विषय काढला तर बाबा म्हणाले, "कागद कशाला? माणूस घरचाच हाय की."

2025 च्या फेब्रुवारीत पाया खोदला आणि मे महिन्यात काम थांबलं. भिंती लिंटेलपर्यंत आलेल्या, कॉलमच्या सळया आभाळाकडे बघत उभ्या. फोन केला की "उद्या माणसं पाठवतो." पुढे पुढे फोनही उचलेना. जून लागला, सळया गंजायला लागल्या. आम्ही चौघं पत्र्याच्या शेडमध्ये, आजीचा पलंग शेडच्या त्यातल्या त्यात कोरड्या कोपऱ्यात.

त्याच पावसाळ्यात मला सिनॉप्सिस द्यायचा होता. रागाच्या भरात मी शीर्षक लिहिलं, 'हिंगोली जिल्ह्यातील गुत्तेदारांकडून घरमालकांच्या होणाऱ्या फसवणुकीचा अभ्यास'. माझ्या गाइड मॅडमनी 'फसवणुकीचा' या शब्दावर लाल रेघ मारली. "हा निकाल आहे, प्रश्न नाही. निकाल आधीच लागलाय तर तीन-चार वर्षं अभ्यास कशाला करतोस?" मी आमच्या घराची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि एकच विचारलं, "त्यानं काम सोडलं त्या दिवशी तुमच्याकडे त्याचं किती अडकलं होतं?"

मला उत्तर येत नव्हतं. आमचं त्याच्याकडे किती अडकलंय हे घरातल्या पोरासोरांनाही पाठ होतं. त्याचं आमच्याकडे किती, हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता.

बाबांकडे एक वही आहे. दिलेला प्रत्येक रुपया तारखेसह त्यात असतो. ती वही घेतली आणि ओळखीच्या इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं मोजमाप ठरलेल्या दरानं काढून घेतलं. आता आकडे बघा. सुरुवातीला उचल 3 लाख, काम शून्य. जोते झालं तेव्हा एकूण दिलेले 5 लाख, काम 2 लाख 70 हजारांचं. कॉलम उभे राहिले तेव्हा दिलेले 7 लाख, काम 4 लाख 10 हजारांचं. लिंटेलपाशी दिलेले 8 लाख 60 हजार, काम 5 लाख 40 हजारांचं. म्हणजे आमचे पैसे कामाच्या पुढे होते 3 लाखांनी, मग 2 लाख 30 हजारांनी, मग 2 लाख 90 हजारांनी, आणि शेवटी 3 लाख 20 हजारांनी.

आता क्षणभर गुत्तेदाराच्या जागी बसा. त्याला अजून मिळायचे होते 4 लाख 90 हजार. करायचं होतं 8 लाख 10 हजारांचं काम. ठरलेल्या दरात त्याचा दहा टक्के नफा धरला, तरी उरलेल्या कामाला त्याला साधारण 7 लाख 29 हजार खर्च येणार. खिशातले जवळपास 2 लाख 40 हजार घालून तो आमचं घर पुरं करेल का? सज्जन माणूस असला तर करेल, पण आधी तो हातातलं दुसरं काम बघेल. सोडून जाणं त्याच्या फायद्याचं होतं, आणि ते फायद्याचं आम्हीच करून ठेवलं होतं. दर वेळी तो 'सिमेंटवाला थांबलाय' म्हणायचा आणि बाबा पैसे काढून द्यायचे.

ही झाली माझी संशोधनातली पहिली खरी पायरी. 'अविश्वासू गुत्तेदार' हे चल म्हणून मोजता येत नाही. 'एखाद्या तारखेला दिलेले पैसे वजा झालेलं काम' हे मोजता येतं. तक्रारीतून मोजता येईल अशी गोष्ट बाहेर काढणं म्हणजेच तुमच्या पेपर एकच्या पुस्तकातली ती अवजड 'कार्यात्मक व्याख्या'. पुस्तकात वाचताना मला ती कधीच कळली नव्हती.

मग वाचायला लागलो, तर कळलं की या दुखण्याला अर्थशास्त्रात नावं आहेत. ऑलिव्हर विल्यमसन यांना 2009 साली नोबेल मिळालं, त्यांच्या मांडणीतला एक भाग तर आमच्या गावासाठीच लिहिल्यासारखा आहे. करार होण्याआधी तुमच्यासमोर दहा गुत्तेदार असतात. करार झाला, पाया पडला, की तुमच्यासाठी जगात एकच गुत्तेदार उरतो. दुसऱ्याचं अर्धवट काम हातात घ्यायला कुणी तयार होत नाही, आणि झालाच तर चढा दर लावतो. "याचा पाया किती खोल गेलाय मला काय माहीत?" हे त्याचं म्हणणंही खोटं नसतं. बाजार असतो तिथे अडवणूक सुरू होते, ती अशी. ऑलिव्हर हार्ट यांना 2016 साली बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं की कोणताही करार पूर्ण नसतो. पुढे काय काय घडेल ते सगळं आधी लिहून ठेवता येत नाही, त्यामुळे न लिहिलेल्या प्रसंगी निर्णय कुणाच्या हातात, हाच खरा मुद्दा. आमच्या घरात न लिहिलेला प्रसंग तिसऱ्या आठवड्यातच आला. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खड्डा ठरल्यापेक्षा खोल नेला तेव्हा कुठे मुरूम लागला. तो जादा खर्च कुणाचा? दोघांनीही मनात 'समोरच्याचा' असं धरलं आणि कुणीच बोललं नाही.

दुसरी अडचण दिसत नाही त्या कामाची. डार्बी आणि कार्नी या दोघांनी 1973 साली अशा सेवांवर लिहिलं, ज्यांचा दर्जा विकत घेतल्यानंतरही गिऱ्हाइकाला कळत नाही. गाडीची दुरुस्ती हे त्यांचं एक उदाहरण. आपल्याकडे कॉलमच्या रिंगा घ्या. भूकंपात टिकायचं तर रिंगेची टोकं 135 अंशांत आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात गेलेली हवीत. 90 अंशांत वळवली तर काम लवकर उरकतं. काँक्रीट पडलं की दोन्ही सारखेच दिसतात, थेट पुढच्या भूकंपापर्यंत. क्युरिंगचंही तसंच. भारतीय मानक 456 नुसार साध्या सिमेंटला निदान 7 दिवस पाणी लागतं, मिश्र सिमेंटला किंवा कडक उन्हाळ्यात 10 दिवस. आपल्याकडे एप्रिलमध्ये, टँकरवर गाव चालू असताना, पाणी मारलं गेलं का हे बघायला कोण उभं असतं? म्हणून झाकलं जाणारं काम झाकायच्या आधी बघायचं, टेप लावून तारखेसह फोटो काढायचा, आणि फोटो नसेल तर काँक्रीट टाकू द्यायचं नाही. गुत्तेदाराला हा अपमान वाटतो, असा माझा अनुभव आहे. वाटू द्या.

मग उपाय सोपा वाटतो ना? काम आधी, पैसे नंतर. घरकुल योजनेत सरकार तेच करतं. ग्रामीण आवास योजनेचे सपाट भागातले 1,20,000 रुपये एकदम मिळत नाहीत. बांधकामाच्या टप्प्याचा जागेच्या नोंदीसह फोटो गेला की हप्ता येतो. पण घरकुलवाल्या कुटुंबाला विचारा, हप्ता येईपर्यंत विटा कशाच्या पैशानं आणल्या? भांडवलाचा भार नाहीसा होत नाही, फक्त एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातो. आपल्याकडच्या छोट्या गुत्तेदाराकडे खेळतं भांडवल नसतं, म्हणून तो उचल मागतो. 'एक रुपया आधी देणार नाही' असं ठरवलं तर तोच काम घेईल ज्याच्याकडे पैसा आहे, आणि तो दर वाढवून घेईल. बजारी आणि तादेलिस यांचा 2001 चा पेपर नक्की वाचा. ठोक रकमेचा करार आणि झालेला खर्च अधिक मेहनताना असा करार, यांत निवड कशी होते ते त्यात आहे. काम साधं आणि आराखडा पक्का असेल तर ठोक रक्कम बरी. मधेच बदल होणार असतील तर दुसरी पद्धत बरी, कारण ठोक करारात प्रत्येक बदल भांडण घेऊन येतो. आम्ही आराखड्याशिवाय ठोक करार केला होता, म्हणजे दोन्हींतलं वाईट तेवढं निवडलं.

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येतो. मी मुलाखती फक्त घरमालकांच्या घेणार होतो, तेही ज्यांची कामं अडकली अशांच्या. ज्यांचं घर वेळेत झालं तो बोलायला कशाला येईल? तो वास्तुशांत करून मोकळा झालेला असतो. नुसत्या अडकलेल्या घरांवरून 'उचल दिली म्हणून काम अडकलं' असं म्हणता येत नाही. उचल तर पूर्ण झालेल्या घरांनीही दिलेली असू शकते. तुलनेसाठी ती घरं हवीतच. आणि गुत्तेदारही हवेत.

मी पहिली मुलाखत आमच्याच गुत्तेदाराची घ्यायला गेलो. खरं सांगायचं तर मुलाखत हे निमित्त होतं, भांडायलाच गेलो होतो. तो दुसऱ्या साइटवर सेंट्रिंग लावत होता. चहा मागवला आणि म्हणाला, "तुमची उचल तुमच्या घरात गेलीच नाही, भाऊ. आधीच्या घरात गेली. त्या मालकानं स्लॅब पाझरतो म्हणून माझे दीड लाख धरून ठेवले. दुकानदार दारात बसला. मी कुठून आणू?" म्हणजे आमच्या पैशानं आधीचं घर, पुढच्याच्या उचलीनं आमचं घर. अशी साखळी चालू असते, आणि एखादा मालक थांबला किंवा पेरणीला मजूर गावी गेले की शेवटचं घर उघडं पडतं. यानं त्याचं वागणं माफ होत नाही. फोन न उचलण्याला कोणताही सिद्धांत लागू पडत नाही. पण पैसे बुडवणाऱ्या मालकाची माझ्या सिनॉप्सिसमध्ये जागाच नव्हती, ती त्या दिवशी झाली.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी ती मुलाखत बाद केली. "तू यात पक्षकार आहेस. त्यानं तुला संशोधक म्हणून सांगितलं की पैसे मागायला आलेला मालक म्हणून?" आमचं घर आता माझ्या नमुन्यात नाही. इथे मी ते उदाहरण म्हणून सांगतोय, पुरावा म्हणून नाही. तुमचा विषय तुमच्या दुखण्यातून आला असेल तर हा फरक आधीच लिहून ठेवा, व्हायव्हात विचारतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण मेसेजमध्ये सगळ्यात जास्त तेच विचारलं जातं. स्वतःच्या प्लॉटवर गुत्तेदाराकडून बांधून घेतलेलं घर महारेराकडे जात नाही. तो कायदा विक्रीसाठी बांधणाऱ्या बिल्डरांसाठी आहे. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्ट लिहिलेली आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत साधारण दोन वर्षांची. मात्र तिथे बाबांची वही एकटी पुरत नाही. सही, बँकेतून गेलेले पैसे, मोजमाप, फोटो हे लागतं.

आम्ही आयोगात गेलो नाही. मी जायला तयार होतो, बाबा नव्हते. दोन बाजूंची दोन वडीलधारी माणसं बसली आणि 3 लाख 20 हजार जास्त गेलेत हे गुत्तेदारानं सही करून मान्य केलं. सिमेंट आणि सळई बाबांनी स्वतः आणायची, सेंट्रिंग त्याचं, मिस्त्री-मजुरांचा पगार दर शनिवारी बाबांनी त्यांच्या हातात द्यायचा, आणि जास्तीची रक्कम त्याच्या हिशोबातून टप्प्याटप्प्यानं वळती करायची. दिवाळीनंतर स्लॅब पडला. त्या रात्री पाणी मारायला मी आणि आई दोघंच होतो, आणि पुढचे दहा दिवस आम्ही ते कुणावर सोपवलं नाही. घर शेवटी 14 लाख 60 हजारांत झालं, ठरल्यापेक्षा 1 लाख 10 हजारांनी जास्त. सगळी रक्कम वळती झाली नाही, काही आम्ही सोडून दिली. बाबा त्याला 'शिक्षणाची फी' म्हणतात. कुणाच्या शिक्षणाची, ते सांगत नाहीत.

जिन्याचा कठडा अजून बाकी आहे. त्याचे 40 हजार बाबांनी धरून ठेवलेत. परवा गुत्तेदाराचा फोन आला होता, नवीन काम धरलंय, थोडी नड आहे, त्यातले वीस आत्ता देता का म्हणून. बाबांनी फोन माझ्याकडे दिला.