गुन्ह्याचा माग प्रयोगशाळेत : विज्ञान शाखेच्या मुलांसाठी एक वाट

बारावी विज्ञानाचा निकाल लागला आणि डॉक्टरीला गुण कमी पडले, की मुलाला दुकानावर बसवायचे किंवा मुलीचे शिक्षण थांबवायचे, असा विचार आपल्याकडे लगेच सुरू होतो. अशा पालकांनी न्यायसहायक विज्ञानाची, म्हणजे फॉरेन्सिक सायन्सची चौकशी जरूर करावी. शवविच्छेदन हे काम डॉक्टरांचे. व्हिसेऱ्यात विष आहे का, रक्त कोणाचे, सही खरी की बनावट, मोबाइलमधून काय पुसले, हे सांगणारा शास्त्रज्ञ वेगळा.

यासाठी दूर जाण्याची गरज नाही. औरंगाबाद म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात 2009 पासून शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. मुंबई व नागपूरलाही अशा संस्था आहेत. बारावीनंतर तेथे बी.एस्सी. करता येते. जालन्याहून अंतर साठेक किलोमीटर, रेल्वेची सोय आहे. मुलगी अप-डाउन करून घरी राहूनही शिकू शकते.

आता नोकरीचे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे माणसे लागणार. पण हुरळून जाऊ नये. राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांसाठी 2024 मध्ये जाहिरात निघाली ती सर्व पदे मिळून 125 जागांची, तीही संपूर्ण महाराष्ट्रासाठी! शिवाय वैज्ञानिक सहायकाच्या पदाला रसायनशास्त्राचा पदवीधरही चालतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की ज्यांची ऐपत बेताची आहे त्यांनी जालन्यातच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी आणि मग न्यायसहायक विज्ञानाची पदव्युत्तर पदविका किंवा एम.एस्सी. करावी. सरकारी जागा नाही मिळाली तरी हात रिकामे राहत नाहीत. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत वितळलेल्या लोखंडाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासणारा केमिस्ट लागतोच. संकरित बियाण्याची शुद्धता आज डी.एन.ए. चाचणीने पाहतात, आणि आपले शहर तर बियाण्यांचेच. रक्ताच्या डागावरून माणूस ओळखण्याची विद्या मुळात तीच.

या शास्त्रात आपल्या देशाचा वाटाही जुना आहे. 1897 साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. तेथे ठशांच्या वर्गीकरणाचे गणित बसवणाऱ्यांत काझी अझीझुल हक व हेमचंद्र बोस हे दोघे होते. पद्धतीला नाव मात्र इंग्रज अधिकारी हेन्री यांचे पडले.

खासगी महाविद्यालयांची फी भारी असते. पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठाची संलग्नता कागदावर पाहावी आणि प्रयोगशाळेत स्वतः डोकावून यावे. उपकरणांवर धूळ दिसली तर परत फिरावे.