शेवटची मुंगी मारू नकोस!

२००३ साली जपानमध्ये प्लेस्टेशन २ साठी एक स्वस्तातला गेम आला. किंमत २००० येन, म्हणजे तेव्हाच्या नव्याकोऱ्या गेमच्या निम्म्याहूनही कमी. ‘चिक्यू बोएइगुन’ हे त्याचं नाव, म्हणजे पृथ्वी संरक्षण दल. जपानबाहेर ही मालिका पुढे ‘अर्थ डिफेन्स फोर्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तो पहिला गेम बनवला होता सँडलॉट नावाच्या छोट्याशा कंपनीने. गोष्ट दोन वाक्यांत सांगून होते: परग्रहावरून यानं येतात, शहरात बसएवढ्या मुंग्या सोडतात. आपण बंदूक घ्यायची आणि मारत सुटायचं. संवाद बाळबोध, चित्रं ओबडधोबड. असा गेम वर्षभरात विस्मरणात जायचा. हा गेला नाही. २०२२ साली जपानमध्ये त्याचा सहावा भाग आला, २०२४ मध्ये तो जगभर पोहोचला. इतक्या वर्षांत त्याचे बरेच जुने दोषही त्याच्याबरोबर टिकून राहिले, आणि चाहत्यांचा जीव त्या दोषांवरही जडला. मला थक्क करते ती हीच गोष्ट.

यातला सर्वांत ठळक दोष बघा. २००६ साली एक्सबॉक्स ३६० वर आलेल्या तिसऱ्या भागात रस्त्याच्या टोकाकडून मुंग्यांचा काळा लोंढा येतो. आपण रॉकेट सोडतो. स्फोट होतो, मुंग्या पाय ताठ करून हवेत भिरकावल्या जातात, बाजूची इमारत खचते, आणि नेमक्या त्या क्षणी सगळा खेळ मंदावतो. मुंग्या जणू पाण्यातून तरंगत खाली येतात.

हे का होतं? पडद्यावरची हालचाल म्हणजे भराभर बदलणारी चित्रं. सेकंदाला तीस चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी यंत्राच्या हाती जेमतेम ३३ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात प्रत्येक मुंगी कुठे वळली, मेलेली कशावर आपटली, धूर किती पसरला, याचा हिशेब लावून चित्र काढायचं. पंगतीत पानं शंभर आणि वाढपी एकच, असा प्रकार. यंत्र एकही पान चुकवत नाही, फक्त त्याला वेळ लागतो. दोघं मित्र पडदा अर्धा-अर्धा वाटून खेळत असतील, तर तेच शहर दोन जागांवरून दोनदा काढावं लागतं.

या मर्यादेची उलटी बाजू गेमच्या इतिहासात फार आधी दिसली होती. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये जसजसे शत्रू कमी होतात, तसतसे उरलेले वेगाने सरकतात. कारण एवढंच, की यंत्राला काढायची चित्रं कमी झालेली असतात. तोमोहिरो निशिकादो या निर्मात्याने हा वेग तसाच राहू दिला आणि खेळाला चढती उत्कंठा मिळाली. यंत्राची अडचण खेळाचा प्राण होऊ शकते, हे तेव्हापासूनचं आहे.

पण मंदावलेला खेळ एकट्याने खेळताना नुसता मंदच वाटतो. गंमत येते ती शेजारी कुणी असलं की. मुंग्या मरताना छोट्या पेट्या टाकतात: हिरवीत नवं शस्त्र, लालमध्ये चिलखताची कायमची वाढ. शेवटचा शत्रू मेला की मोहीम तिथेच संपते आणि रस्त्यात पडलेल्या पेट्या हातच्या जातात. गेमने यावर काही सोय केली नव्हती, म्हणून खेळाडूंनीच तोड काढली. एक मुंगी जिवंत ठेवायची. एकाने तिला चौकात गोल-गोल फिरवत झुलवायचं आणि दुसऱ्याने तोवर शहरभर धावत पेट्या गोळा करायच्या. ‘शेवटची मारू नकोस, अजून त्या पुलाखाली दोन आहेत!’ हे वाक्य कुठल्याही संवादलेखकाने लिहिलेलं नाही. रचनेतल्या एका उणिवेतून दोन माणसांना दोन कामं मिळाली आणि त्यांचं बोलणं सुरू झालं.

रॉकेटचंही तसंच. ते मुंगी आणि मित्र यांत फरक करत नाही. तुमच्या नेमापुढे मित्र अचानक आला की तोही मुंग्यांसोबत हवेत उडतो. एकटे असताना अशी चूक झाली तर माणूस वैतागतो, दोघांत झाली तर दोघंही पोट धरून हसतात. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने हसण्याचा बारकाईने अभ्यास केला. त्याला आढळलं, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट जास्त वेळा तो इतरांच्या संगतीत हसतो. हसण्याला विनोदापेक्षा सोबत अधिक लागते, हे त्याच्या कामातून पुढे आलं. हा गेम त्याचा उत्तम दाखला आहे.

निर्मात्यांनाही हे उमगलं असावं. २०१३ च्या चौथ्या भागात त्यांनी चार प्रकारचे सैनिक दिले आणि प्रत्येकात काहीतरी उणं ठेवलं. विंग डायव्हर उडते, पण तिची ऊर्जा हां-हां म्हणता संपते. फेन्सर ढाल घेऊन उभा राहतो, पण चालताना जड. एअर रेडर विमानांचा मारा मागवून अख्खा परिसर भाजून काढतो. मात्र मोहीम भुयारात असली की डोक्यावर आभाळच नसल्याने त्याची विमानं कुचकामी ठरतात. अशा वेळी त्याला बऱ्याचदा पायदळातल्या साध्या रेंजरच्या मागे राहावं लागतं. सोबती पडला तर त्याला उठवता येतं, पण त्यासाठी स्वतःच्या शक्तीतला वाटा द्यावा लागतो. मुंग्यांनी घेरलेलं असताना हा वाटा द्यायचा की नाही, हे ठरवायला क्षणभरच मिळतो. अशा क्षणी चित्रांचा ओबडधोबडपणा कुणाच्या लक्षातही राहत नाही.

एकट्याने खेळायचं असेल, तर याहून देखणे आणि सफाईदार नेमबाजीचे गेम पुष्कळ आहेत, खुशाल ते घ्या. पण घरी भाऊ, मैत्रीण किंवा मुलगी शेजारी बसायला तयार असेल, तर चौथ्या भागाची सुधारलेली आवृत्ती ४.१ शोधा. ती प्लेस्टेशन ४ वर आणि संगणकावरही निघाली आहे. एकाच पडद्यावर दोघांना खेळता येतं. दुसरा कंट्रोलर मात्र आधी आणून ठेवा.