वस्त्रनगरी आणि गाळलेले पाणी

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले आणि शिरोळ हे तालुके पंचगंगा, वारणा आणि कृष्णा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेले आहेत. येथील दिगंबर जैन समाजही पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने शेतकरी. अशा ऊसमळ्यांच्या मुलखात, पंचगंगेच्या काठी इचलकरंजी ही वस्त्रनगरी उभी राहिली.

जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे मोठ्या गिरण्यांऐवजी लहान लहान कारखान्यांतून हा उद्योग पसरला. व्यापाऱ्याचे सूत घ्यावे आणि मजुरीवर कापड विणून द्यावे, हा ‘खर्चीवाल्या’ यंत्रमागधारकाचा व्यवहार. त्यामुळे अल्प भांडवलावरही माणूस मालक होऊ शकला. शेतीचे उत्पन्न हंगामावर अवलंबून, तर मागावर दर आठवड्याला पगार. साहजिकच एका भावाने शेत पाहावे आणि दुसऱ्याने माग, अशी घरे वाढली. २०२२ मध्ये या गावाची महानगरपालिका झाली.

या वाढीची किंमत मात्र नदीने मोजली. कापडप्रक्रियेचे रंगीत पाणी, शहरांचे आणि गावांचे सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी यांनी पंचगंगा दूषित झाली. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची भीषण साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. पंचगंगा उशाशी असताना शहराला कृष्णेचे पाणी मजरेवाडीहून आणावे लागले. तेही अपुरे पडू लागल्यावर वारणेची आणि त्यानंतर दूधगंगेची योजना पुढे आली. दोन्ही वेळा त्या नदीकाठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. शहराची तहान खरी आहे आणि शेतकऱ्याची धास्तीही खोटी नाही. आपली नदी ज्यांनी राखली नाही त्यांना आमची का द्यावी, या प्रश्नाला केवळ शासनाचा मंजुरी आदेश हे उत्तर ठरत नाही.

जैन घरांत पाणी फडक्याने गाळून पितात. गाळल्यावर फडक्यावर उरलेली ‘जिवाणी’ त्याच जलाशयात अलगद सोडतात, कारण ज्या पाण्याने आपली तहान भागवली त्यातील सूक्ष्म जीवांचेही आपण देणे लागतो. लाखो मीटर कापड विणणाऱ्या नगरीला हा आचार नवा नाही. रंगाचे पाणी मात्र कोणत्याही फडक्याने गाळले जात नाही. त्यासाठी शुद्धीकरण प्रकल्प अखंड चालवावा लागतो आणि त्याचा खर्च उत्पादनखर्चातच धरावा लागतो. ताळेबंदात न दाखवलेले देणे फिटत नाही, ते पुढच्या पिढीच्या नावे चढते. नदीला पाणी शुद्ध करून परत देणे, हीच उद्योगाची जिवाणी होय. शेजारच्या शेतकऱ्याचा विश्वासही त्यातूनच परत मिळेल.