पातीचा चहा, पण गार

गवती चहाची पात उकळून, गाळून गरम गरम प्यायली की तरतरी येते. तोच उरलेला चहा फ्रिजमध्ये ठेवून दुपारी बर्फ घालून प्यावा, तर गवत धुतलेल्या पाण्यासारखा लागतो. बऱ्याच घरांत गार हर्बल चहाचा प्रयोग इथेच आटोपतो आणि मंडळी पुन्हा बाजारच्या सरबताच्या बाटलीकडे वळतात. यात पातीचा काही दोष नाही. गरम प्यायच्या मापाने केलेला चहा गार करून प्यायला, म्हणून तो फसला. गार प्यायचा चहा आधण ठेवण्यापासूनच वेगळ्या हिशेबाने करावा लागतो.

हिशेबातली पहिली गोष्ट जिभेची आणि नाकाची. थंड पदार्थातला गोडवा जिभेला कमी कळतो. आइस्क्रीम पूर्ण वितळू द्या आणि चाखून बघा, इतकं गोड आपण खात होतो यावर विश्वास बसत नाही. वासाचंही तेच. सुगंधी द्रव्यं पेल्यातून उडून नाकापर्यंत पोचली तर वास येणार, आणि थंडीत ती कमी उडतात. गवती चहात जिभेवर ठरेल अशी चव फारशी नसतेच. जो काही आहे तो लिंबासारखा वास, सिट्रल नावाच्या द्रव्याचा. वास दबला की पेल्यात उरतं ते हिरवट पाणी.

दुसरी गोष्ट बर्फाची. बर्फ पेय गार करतो तो स्वतः वितळून, म्हणजे पेयात पाणी ओतून. किती पाणी, हे काढता येतं. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते. तेवढीच उष्णता 80 ग्रॅम पाण्यातून काढली तर ते एक अंशाने गार होतं. आता 500 मिलिलिटर चहा नुकताच गाळलेला, 85 अंशांवर आहे आणि तो 5 अंशांपर्यंत आणायचा आहे, असं समजा. शून्य अंशाचा बर्फ धरला तर जवळजवळ 470 ग्रॅम बर्फ त्यात विरघळून जाईल. ट्रेमधला एक खडा 20 ग्रॅमचा धरला तर तेवीस-चोवीस खडे. अर्धा लिटर चहा आणि अर्धा लिटर पाणी! तोच चहा आधी खोलीत 35 अंशांपर्यंत निवू दिला तर पावणेदोनशे ग्रॅम बर्फ पुरतो. फ्रिजमध्ये 10 अंशांवर आणून मग बर्फ घातला, तर जेमतेम 30 ग्रॅम.

यातून माप आपोआप निघतं. गरम चहा थेट बर्फावर ओतायचा असेल तर तो दुप्पट कडक हवा. निववून मग बर्फ घालायचा असेल तर दीडपट पुरे. फ्रिजमध्ये पूर्ण गार केलेला असेल तर नेहमीपेक्षा थोडासाच कडक. पुस्तकांतल्या आणि पाकिटांवरच्या कृतींमध्ये पाण्याचं माप असतं, बर्फाचं नसतं. त्या कृती फसतात त्या इथे.

कडक म्हणजे जास्त वेळ उकळलेला नव्हे, जास्त पात घातलेला. हा फरक पक्का लक्षात ठेवावा. पात फार उकळली की वास वाढत नाही, उलट जातो. गवती चहाचं तेल कारखान्यात काढतात ते वाफेनेच. पातीतून वाफ सोडतात, तेल वाफेबरोबर वर जातं आणि ती वाफ थंड करून धरतात. आपण उघड्या पातेल्यात पंधरा मिनिटं पात खदखदवतो तेव्हा त्याच कारखान्याचा अर्धा भाग चालवत असतो, फक्त वाफ धरायची सोय नसते. स्वयंपाकघरात घमघमाट सुटला की आपण खूश होतो, पण तो वास पेल्यात यायचा होता.

तेव्हा अर्ध्या लिटर पाण्याला लांब दहा-बारा पाती घ्याव्यात, हे झालं दुप्पट माप. पातीच्या कडा करवतीसारख्या असतात, बोट कापतं, म्हणून धुताना बुडख्याकडून टोकाकडे हात फिरवावा. मग कात्रीने बोट-बोट लांबीचे तुकडे करावेत. गाठ मारून अख्खी पात टाकायची पद्धत दिसायला सुटसुटीत आहे, पण तेल असतं पातीच्या आत आणि कापलेल्या कडा जितक्या जास्त तितकं ते पाण्यात लवकर उतरतं. बुडखा मिळाला तर बत्त्याने हलकेच ठेचावा; वास त्यालाही असतो. पाण्याला खळखळून उकळी आली की पात टाकायची, मिनिटभराने गॅस बंद करायचा आणि घट्ट झाकण ठेवायचं. दहा मिनिटांनी झाकण उचलताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेलं पाणी पातेल्यातच पडू द्यावं. लगेच गाळावं. पात तासभर तशीच राहिली तर चवीला गवताळपणा येतो, आणि गार झाल्यावर तो जास्तच बोचतो.

आलं घालायचं असेल तर मात्र ते पाण्यात आधीपासून हवं. कंद घट्ट असतो, त्याला पाच-सात मिनिटं उकळी लागतेच. पुदिना याच्या अगदी उलट, गॅस बंद केल्यावर आणि तोही पाच मिनिटंच. तळहातावर पानं ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी मारली तरी पुरे, चुरगळायची गरज नाही. पुदिन्यातल्या मेंथॉलमुळे तोंड गार वाटतं, पण तोंडाचं तापमान उतरलेलं नसतं. थंडी ओळखणारी मज्जातंतूंची जी यंत्रणा आहे तिलाच मेंथॉल चाळवतं. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना मिळालं, त्यांनी ही यंत्रणा शोधायला मेंथॉलच वापरलं होतं. भाजीवाल्याकडच्या पुदिन्यात मेंथॉल गोळ्या-मलमांत वापरतात त्या पुदिन्याइतकं नसतं, तरी थंडावा जाणवण्याइतकं काम होतं. तुळशीची सात-आठ पानं बास. जास्त झाली की लवंगेसारखा उग्रपणा येतो आणि काढा प्यायल्यासारखं वाटतं. दुपारच्या चारला काढा कुणाला हवा असतो?

या सगळ्यांहून वेगळी, आणि गार चहासाठी माझ्या मते सर्वांत योग्य, ती अंबाडी. लाल अंबाडीची फुलं गळून गेल्यावर जी मांसल लाल बोंडं राहतात, त्यांच्या पाकळ्या सोलून वाळवतात. विदर्भात आणि मराठवाड्यात अंबाडीची भाजी घरोघरी होते, बोंडांची चटणी आणि सरबतही होतं. इजिप्तमध्ये आणि सुदानमध्ये याच बोंडांचं पेय ‘करकदे’ म्हणून गरम आणि गार दोन्ही पितात, मेक्सिकोत ‘आग्वा दे हमाइका’ म्हणून गारच. शहरात देखण्या डब्यांमधून महाग दराने ‘हिबिस्कस टी’ मिळतो तो बहुतेक वेळा हाच. दारातली जास्वंद याच कुळातली, पण झाड वेगळं आणि इतकी आंबटही नसते.

अंबाडीला वास बेताचा, पण आंबटपणा आणि रंग भरपूर, आणि या दोन गोष्टी थंडीने दबत नाहीत. म्हणून ती बर्फातही टिकते. सुकलेल्या पाकळ्यांत माती-कचरा असतो, त्या आधी पाण्यातून झटकन काढाव्यात. अर्ध्या लिटरला 15 ग्रॅम, म्हणजे चांगली मूठभर, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून. आम्ल असल्यामुळे भांडं स्टीलचं किंवा काचेचं हवं. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको. गवती चहा आणि अंबाडी निम्मी-निम्मी घेतली तर एकीचा वास आणि दुसरीची चव अशी जोडी जमते.

आता गॅस न पेटवता करायचा प्रकार. वनस्पती थंड पाण्यात भिजत घालून अर्क काढणं हे परदेशी खूळ वाटत असेल, तर माठातली वाळ्याची जुडी आठवावी. रात्री धणे भिजत घालून सकाळी ते पाणी खडीसाखरेबरोबर देतात, तेही हेच. थंड पाण्यात वासाची द्रव्यं सावकाश उतरतात आणि कडू-तुरट द्रव्यं त्याहून कमी उतरतात, त्यामुळे चव मऊ लागते. अंबाडीला, बडीशेपेला, पुदिन्याला ही पद्धत फार मानवते. लिटरभर पाण्याला 20 ग्रॅम अंबाडी किंवा दोन चमचे हलकी कुटलेली बडीशेप घालून, झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवायचं. पुदिन्याला चार-पाच तास बस होतात. आलं मात्र या पद्धतीत नीट उतरत नाही.

भिजत घालायचं ते फ्रिजमध्येच. अमेरिकेत काचेची बरणी उन्हात ठेवून ‘सन टी’ करतात. आपल्याकडे मे महिन्यात ऊन फुकट आणि भरपूर, म्हणून मोह होतो. पण उन्हातलं पाणी कोमट होतं, जंतू मरण्याइतकं तापत नाही, आणि पानांवर मातीतले जंतू असतातच. त्यांच्यासाठी ही फार सोयीची जागा. हा मोह टाळावा.

थोडं विषयांतर करून साध्या चहापत्तीच्या गार चहाबद्दल. 1904 साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात हिंदुस्थानी चहाची जाहिरात करणारे रिचर्ड ब्लेचिंडन यांनी उकाड्यात गरम चहा खपेना म्हणून त्यात बर्फ घातला आणि आइस टीचा जन्म झाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण 1879 साली छापलेल्या मेरियन कॅबेल टायरी यांच्या ‘हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया’ या पाककृतींच्या पुस्तकात बर्फाच्या चहाची कृती आहे. प्रदर्शनाने त्याचा बोलबाला केला, एवढंच. चहापत्तीचा कडक चहा फ्रिजमध्ये ठेवला की गढूळ होतो, कारण त्यातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं थंडीत एकमेकांना धरून बसतात. पातीच्या किंवा अंबाडीच्या चहात कॅफिन नाही, त्यामुळे तो नितळ राहतो आणि रात्री नऊ वाजता मुलांनाही देता येतो.

गाळलेला गरम चहा निववायला सर्वांत सोपं साधन म्हणजे परात. परातीत नळाचं पाणी घेऊन पातेलं त्यात ठेवावं, चहा अधूनमधून ढवळावा, परातीतलं पाणी कोमट झालं की बदलावं. स्टीलच्या पातेल्यातला अर्धा लिटर चहा पंधरा-वीस मिनिटांत खोलीच्या तापमानाजवळ येतो. उकळतं पातेलं थेट फ्रिजमध्ये सरकवू नये. शेजारचं दूध-दही तापतं.

गोडी याच वेळी, चहा कोमट असताना. थंड पाण्यात साखर लवकर विरघळत नाही, खाली बसते, आणि पहिला घोट फिका तर शेवटचा पाकासारखा लागतो. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, विरघळेपर्यंत तापवून केलेला पातळ पाक बाटलीत भरून ठेवला तर प्रत्येकाला आपापल्या मापाने घेता येतो. कोमट असताना चाखून किंचित जास्त गोड वाटला पाहिजे, म्हणजे बर्फात बरोबर लागेल. गवती चहाला लिंबू चालतं, पण ते पूर्ण निवल्यावर पिळावं आणि साल आत टाकून ठेवू नये. सालीखालचा पांढरा भाग कडवटपणा सोडतो. आम्लाने हिरवा रंग मळकट होतो, त्याला इलाज नाही. अंबाडीला लिंबू अजिबात नको. चिमूटभर सैंधव मात्र दोन्हीला शोभतं.

बर्फ घरचाच, पिण्याच्या पाण्याचा. रस्त्यावरच्या लादीचा भरवसा नाही. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम 2018 मध्ये आला तो उगाच नाही. घरचा बर्फही फ्रीझरमधल्या मासळीचा नि लसणाचा वास धरतो, म्हणून ट्रे झाकलेला असावा. सर्वांत चांगली युक्ती म्हणजे चहाचाच बर्फ करायचा. थोडा चहा ट्रेत ओतून गोठवला की वितळला तरी पेला पाणचट होत नाही आणि वरचं गणितही करावं लागत नाही.

खरं सांगायचं तर मला बर्फापेक्षा माठ बरा वाटतो. दुप्पट कडक चहा निववून त्यात तेवढंच माठातलं पाणी मिसळायचं. दात शिवशिवत नाहीत आणि पेय अति थंड नसल्यामुळे पातीचा वास नाकाला नीट लागतो. हे जमतं ते अकोला-नागपूरकडच्या कोरड्या हवेत. माठ गार होतो तो पाझरलेलं पाणी उडून, आणि मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत ते सावकाश उडतं. तिकडच्यांना फ्रिजच बरा. वाढताना वर भिजवलेला सब्जा घालता येतो, पंधरा-वीस मिनिटांत फुगतो.

केलेला चहा पानं काढून, झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. अंबाडीने रक्तदाब थोडा उतरतो, म्हणून त्याची औषधं चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ती रोज पेलेभर प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. आणि कुणी भर उन्हातून घामाने निथळून आलं असेल, तर त्याच्या हातात आधी मीठ-साखर घातलेलं लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत द्यावं. घामातून गेलेलं मीठ पातीच्या चहात नसतं; हा चहा तासाभराने, पंख्याखाली बसून.